चित्रांची साक्ष

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या घरातील एका तसबिरीस ओल लागली, म्हणून काच बदलण्याकरिता आम्ही ती खाली उतरविली. तसबीर आमच्या आजोबांची. निदान आजवर आम्ही तसे समजत होतो. आजोबा १९४८ साली वारले. आमच्या मातोश्री त्यानंतर सतरा वर्षांनी सून म्हणून ह्या घरात आल्या. मामंजींची ओळख त्यांना ह्या तसबिरीवरूनच झाली, आणि दर श्राद्धास त्यांनी तीस हार घातला. चौकट उघडून पाहतो, तो छायाचित्राच्या पाठीवर आजोबांच्या एका चुलतभावाचे नाव आणि साल १९५२! इतिहास शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याच घरात ही चूक नांदावी, ह्याची आम्हांस लाज वाटली.

मग शिवछत्रपतींच्या चित्राची हकीकत आठवली. इब्राहिमखान नामक सरदाराचे चित्र महाराष्ट्रात महाराजांचे म्हणून पुजले जात होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतील चित्र पुढे आणले, तेव्हा तो भ्रम फिटला. परंतु नव्या साक्षीदाराचीही उलटतपासणी हवीच. महाराज १६८० साली निवर्तले. व्हॅलेंटाइन ह्या डच ग्रंथकाराचा, महाराजांचे चित्र असलेला ग्रंथ निघाला १७२४ ते १७२६ मध्ये. म्हणून लंडन व अ‍ॅमस्टरडॅम येथील संग्रहालयांत असलेल्या, गोवळकोंडा शैलीतील सतराव्या शतकाच्या लघुचित्रांशी ते ताडून पाहावे लागते. चित्र कोणी काढले, केव्हा, कोणासाठी, आणि खाली नाव कोणी लिहिले, हे विचारल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. मात्र खोटे ठरलेले चित्रही अगदीच मुके नसते. इब्राहिमखानाचे चित्र महाराजांचा चेहरा सांगत नाही. पण तो चेहरा पाहण्याची लोकांची तहान किती होती, हे ते खचित सांगते. आमच्या गावचे चित्रकार जी. कांबळे यांनी काढलेले महाराजांचे चित्र सरकारी कचेऱ्यांतून दिसते. तेही विसाव्या शतकाच्या भक्तीचाच पुरावा होय.

मातोश्रींस सांगावे की न सांगावे, ह्या विचारात आमचे दोन दिवस गेले. वर्गात सत्याचा आग्रह धरणे सोपे. घरात ऐंशी वर्षांच्या आईपुढे कठीण. अखेर सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “मग मामंजी दिसत तरी कसे होते रे?”

घरात त्यांचे दुसरे चित्र नाही. आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. तसबीर चुलत आजोबांच्या नावानिशी आता माडीवर लावली आहे. देवघराशेजारचा खिळा तूर्त मोकळाच आहे.