बालाघाटाचा चढ आणि डिझेलचा हिशेब

घरांत गेले कांहीं दिवस एक कुजबूज चालली होती. शेताकरितां घेतलेली डिझेलची पिकअप लिटरामागें १५ किलोमीटर चालावी, अशी मंडळींची समजूत. चालकाच्या वहींत मात्र सरासरी १२.५ च! मग डिझेल मुरतें कोठें? एका गरीब माणसाच्या इमानाचा हा प्रश्न. म्हणून आश्विनांत आम्ही स्वतःच गाडींत बसलों.

गेवराईस टाकी तोंडोतोंड भरली, खताचीं पोतीं लादलीं आणि धुळें-सोलापूर या ५२ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गानें निघालों. बीड मागें पडलें, बालाघाटाचा चढ लागला आणि इंजिन कण्हूं लागलें. मांजरसुंब्यापलीकडे शेतापाशीं ५५ किलोमीटर भरले. जवळच्या पंपावर टाकी पुन्हां भरली, तों ५ लिटर डिझेल मावलें; म्हणजे लिटरास ११!

परततांना सीताफळांच्या पाट्या घेतल्या. बीडच्या या फळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. ओझें हलकें, वाट उताराची, ३.७५ लिटरांतच गेवराई आली. दोन्ही खेपांची सरासरी जवळजवळ १२.५!

वाचकहो, कारण उघड आहे. ओझें वर चढविण्यास लागलेली शक्ति उतारावर सगळी परत मिळत नाहीं. बरीचशी ब्रेकांत जिरते. शिवाय वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो.

घरीं येतांच दोन्ही आंकडे सर्वांसमोर वाचले. वडीलधाऱ्यांनीं चालकास आग्रहानें फराळास बसविलें. यापुढें हिशेब जातां-येतां मिळूनच धरावयाचा, असें ठरलें. आणि कुजबूज थांबली.