फुलं हायत, दिसत न्हाईत

सप्टेंबर उजाडला की माझा फोन हवामान खात्याचा होतो. ‘भाऊ, येत्या रविवारी कासला फुलं असतील का? ऊन पडेल का? धुकं असेल का?’ पुण्यातले नातेवाईक, मुंबईतले वर्गमित्र, कधीकाळी एकदाच भेटलेले लोक. पत्रकार आहे म्हणजे ढगांचीही आतली बातमी असणार, असा समज. मी सगळ्यांना एकच सांगतो. रविवारचं शनिवारी रात्री विचारा, आणि तेव्हाही मी सांगेन त्यावर पैज लावू नका.

यावर लोक चिडतात. त्यांचंही बरोबर आहे. बुकिंग आधी करावं लागतं, रजा आधी टाकावी लागते, गाडी आधी सांगावी लागते. ढग मात्र आधी काहीच ठरवत नाहीत. या एका गोष्टीवर आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या सीझनला आम्ही तिघं कासला फोटो काढायला गेलो. एक मेडिकल दुकानवाला मित्र, एक झेडपी शाळेतले गुरुजी आणि मी. माझा कॅमेरा एरवी सभा, मोर्चे, अपघात आणि फीत कापणारे हात यांच्यासाठीच बाहेर निघतो. तीन दिवस फक्त डोंगर, ढग आणि फुलं टिपायची, असं खूप दिवसांपासून मनात होतं. शनिवार, रविवार, सोमवार असा बेत. सोमवार मुद्दाम राखीव ठेवलेला.

शनिवारी पहाटे निघालो तेव्हा कोरेगावात चांदण्या दिसत होत्या. पोवई नाक्यावर चहा घेतला, तिथंही आभाळ मोकळं. यवतेश्वरचा घाट चढायला लागलो आणि अर्ध्या घाटात पांढरा पडदा आडवा आला. पेट्रीपर्यंत पोचलो तेव्हा पुढच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा नीट दिसेना. पठारावर उतरलो आणि कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ. गाडीतला एसी गुरुजींनी हौसेनं लावलेला. थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसणारच. अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेवर आणला, तेव्हा काच साफ झाली. पण साफ होऊन उपयोग काय? समोर सगळा पांढरा कागद.

खरं तर आपण ज्याला तिथं धुकं म्हणतो तो ढगच असतो. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, चढताना थंड होतो आणि त्याचा ढग बनतो. कास पठार आहे सुमारे १२०० मीटरवर, म्हणजे नेमकं या ढगाच्या पोटात. साताऱ्यातून वर बघणाऱ्याला डोंगरावर टोपी दिसते, वर गेलेल्याला आपण त्या टोपीत आहोत हे कळतं. वाऱ्याचा जोर थोडा कमी झाला की पाच मिनिटांत उघडतं, परत पाच मिनिटांत मिटतं. एवढ्याशा जागेतला एवढ्याशा वेळेचा हा खेळ आठ दिवस आधी कुठलं ॲप सांगणार?

गेटवर एका कुटुंबाचा आवाज चढला होता. लांबून आलेले, रात्रभर प्रवास केलेला, लहान मूल कडेवर. ‘पैसे भरलेत आम्ही. फुलं कुठंयत?’ गेटवरचा पोरगा गावातलाच, विशीतला. तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘आवं दादा, फुलं हायत की. दिसत न्हाईत एवढंच.’

मी हसलो, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण दोघांचंही खरं होतं. त्या माणसाला वर्षातून असा एकच मोकळा दिवस मिळतो. आणि त्या पोराच्या हातात ढग नाही.

पठाराची जरा ओळख करून देतो, कारण आपल्यातले बरेच जण पाच-सहा वेळा जाऊनही फक्त सेल्फी घेऊन आलेत. साधारण हजार हेक्टरचा हा जांभ्याचा सडा. खडकावर माती जेमतेम काही इंच. या एवढ्याशा मातीत साडेआठशेच्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद झाली आहे. तेरडा, सोनकी, गेंद, कवला, सीतेची आसवं. यातली सीतेची आसवं आणि दवबिंदू या तर कीटकभक्षी वनस्पती. मातीत पोषण कमी, म्हणून बारीक जीव धरून पोट भरतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

माती इतकी पातळ असल्यामुळे इथली फुलं पूर्णपणे पावसाच्या मर्जीवर. आठ दिवस उघडीप पडली तर माती सुकते, सलग झोडपलं तर पाकळ्या झडतात. आणि एक माणूस वाट सोडून चार पावलं आत गेला तर त्या चार पावलांखालची फुलं गेली. धुक्यात हे जास्त होतं. लांबून काही दिसत नाही म्हणून लोक आत शिरतात. त्या शनिवारी मी स्वतः तिघा-चौघांना हाक मारून वाटेवर बोलावलं. एकानं विचारलं, ‘तुम्ही कोण?’ म्हटलं, ‘सातारचा माणूस.’ तेवढी ओळख पुरली.

दुपारी टपरीवर कणीस खाताना मावशींशी बोलणं झालं. मावशींचा हिशेब तोंडपाठ. ‘सीजन म्हंजी सा-सात आठवडं. गिऱ्हाईक शनवार-ऐतवारचं. त्यातलं दोन ऐतवार धुक्यानं खाल्लं, एक बंदीनं. ऱ्हायलं किती, तुमीच सांगा.’ या भागात भात, नाचणी पिकते ती घरच्यापुरती. तरणी पोरं मुंबईला. गेटवर, पार्किंगला, टपरीवर जे चार पैसे मिळतात ते याच काही आठवड्यांत. आपला फोटो हुकला तर आपण पुढच्या वर्षी येऊ. मावशींचा ऐतवार हुकला तर तो हुकलाच.

रविवारी पाऊस. मेडिकलवाल्या मित्राच्या डोक्यात एक फोटो होता: कड्याच्या टोकावरून खाली दरीत पसरलेला ढगांचा समुद्र. एका वयस्कर गावकऱ्याला वाट विचारली. त्यांनी आकाशाकडे बघितलं, पायानं दगडावरचं शेवाळ घासून दाखवलं आणि म्हणाले, ‘आज नगं. वारा फिरलाय, दुपारच्याला गडगडंल.’ आम्ही मुकाट फिरलो. तीनच्या सुमारास खरोखरच गडगडलं. उघड्या सड्यावर झाड नाही, आडोसा नाही. अशा ठिकाणी माणूसच सगळ्यात उंच वस्तू, आणि त्याच्या खांद्यावर ट्रायपॉड. वीज कुणाला निवडणार ते सांगायला नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर इशारा देतं. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकानं ते घ्यावं. पण रेंज नसली तर म्हाताऱ्या माणसाचं ऐकावं.

गुरुजींची सोमवारी शाळा होती, त्यामुळं ते रविवारी संध्याकाळी एसटीनं उतरले. त्यांच्या वाट्याला एकही डोंगर आला नाही. पण वाटेच्या कडेला उकिडवं बसून त्यांनी दवबिंदूचा एक फोटो काढला होता. फुलासाठी ढगाळ उजेड फार चांगला, सावली कडक पडत नाही. तो फोटो त्यांनी वर्गात दाखवला, पोरांनी म्हणे तासभर प्रश्न विचारले.

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास उघडलं. वीस मिनिटं. पांढरे गेंद, जांभळा तेरडा, पश्चिमेला शिवसागराच्या पाण्याची कडा आणि त्यावरून वर सरकणारा ढग. मला हवी होती ती फ्रेम मिळाली. तेव्हा पठारावर माणसं होती मोजून वीस-पंचवीस. शनिवारी-रविवारी आलेली सगळी गर्दी घरी पोचली होती.

म्हणजे फोटो मिळाला तो कौशल्यानं नाही. माझ्याकडे सोमवार होता म्हणून मिळाला. आज मला हेच सांगायचंय. बेभरवशाच्या हवामानात ज्याच्याकडे थांबायला वेळ आहे त्याचं निभतं. ज्याच्याकडे एकच दिवस आहे तो धुक्यातही पुढं जातो, पावसातही कड्यावर जातो, ओल्या दगडावर पाय ठेवतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो दिवसही रविवारच होता. पाणी अचानक वाढलं. हवामान कुणाच्या हातात नाही, पण सगळ्यांना एकाच दिवशी एकाच जागी ढकलणारी व्यवस्था आपल्या हातात आहे.

आता इशाऱ्यांबद्दल. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. इतकं सोपं आहे. अडचण वेगळीच आहे. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि दुसऱ्या टोकाला माणमध्ये पाचशेच्या आसपास. हवामान विभाग अलीकडे घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो, हे फार चांगलं झालं. पण तो इशारा व्हॉट्सॲपवर फिरता फिरता ‘घाटमाथा’ हा शब्द गळून पडतो आणि उरतं ‘सातारा रेड अलर्ट’. मग दहिवडीतला माणूस कडक उन्हात तो मेसेज वाचतो आणि हसतो. असं दोन-चार वेळा झालं की खऱ्या इशाऱ्यावरही तो हसतो.

आणि इशारा खरा ठरतो तेव्हा काय होतं, ते आपण पाहिलंय. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. हवामान खात्याच्या हिशेबात एका दिवसात २०४ च्या वर गेला की ती सगळ्यात वरची पायरी. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. मी तेव्हा पाटणला बातमीसाठी गेलो होतो. रस्ते तुटलेले, डोंगराच्या अंगावर लाल ओरखडे. तेव्हाही डोंगरावर हाच ढग होता, ज्याची आम्ही कासला कॅमेरा लावून वाट बघत बसतो. तेव्हापासून ढगांचा फोटो ‘सुंदर’ म्हणून टाकताना माझा हात जरा थबकतो.

आणखी एक. देशातून मान्सून परतायला सुरुवात होण्याची सरासरी तारीख आधी १ सप्टेंबर धरत. २०२० पासून हवामान विभागानं ती १७ सप्टेंबर केली. म्हणजे कासचा भर सीझन हा आता पावसाच्या मुक्कामाचाच काळ आहे. ‘गणपती गेले की पाऊस गेला’ हा हिशेब विसरा.

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीप्रमाणं चार गोष्टी.

एक, सीझनमध्ये रोज सकाळी सात वाजता पठारावरून एक फोटो आणि चार ओळी: धुकं किती, फुलं किती, रस्ता कसा, दुपारचा अंदाज काय. हे काम कास, एकीव, आटाळी, कासाणीच्या पोरापोरींना पगार देऊन द्यावं. त्यांच्याइतकं आभाळ कुणालाच वाचता येत नाही.

दोन, हवामानावर चालणाऱ्या कुठल्याही पर्यटनस्थळाचं तिकीट सहज पुढं ढकलता आलं पाहिजे, तेही मधल्या वारांना. पैसे वाया जाणार नाहीत हे कळलं की माणूस धुक्यात हट्ट करत नाही.

तीन, जमा होणाऱ्या शुल्कातला थोडा भाग बंदीच्या दिवसांसाठी बाजूला काढावा. प्रशासन सुरक्षेसाठी पर्यटन बंद करतं ते योग्यच, पण त्या दिवसाची मजुरी एकट्या टपरीवालीनं का सोसायची?

चार, बातमीत आणि फॉरवर्डमध्ये ‘घाटमाथा’ हा शब्द जसाच्या तसा ठेवा. एका शब्दानं जीव वाचतो.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत, नियोजनाच्या बैठकीत कुणी हा विषय मांडणार असेल तर मी सोबत आहे. आणि यंदा कासला जाणार असाल तर एक दिवस हातचा ठेवा. जमलं तर मंगळवार-बुधवार बघा. मावशींकडं कणीस गरम मिळतं, गर्दी नसते, आणि ढग उघडायची वाट बघायला निवांत बसता येतं.