चौघांचा संघ, एक कॅप्टन

बर्मिंगहॅमला लेकीकडे सहा महिने राहून आल्यापासून गावात जो भेटतो तो विचारतो, तिकडे थंडी कशी होती, हलाल मटण मिळतं का, लंडन पाहिलं का? थंडी कडाक्याची होती, मटण मिळतं आणि लंडन एका दिवसात पाहिलं. पण मला सांगायचं आहे ते तिथे दर सोमवारी रात्री साडेआठ वाजता बीबीसी टू या वाहिनीवर लागणाऱ्या एका प्रश्नमंजुषेबद्दल. तिचं नाव ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. हिवाळ्यात तिकडे इशाची नमाज लवकर होते. त्यामुळे जेवणखाण उरकून लेक, जावई, पंधरा वर्षांची नात, अकरा वर्षांचा नातू आणि मी, असे पाचही जण त्या अर्ध्या तासासाठी एकत्र बसायचो. एरवी प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तालुका आणि जिल्हा पातळीच्या प्रश्नमंजुषांना मुलांना घेऊन जाणं हे काम पहिल्या वर्षापासून माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्यामुळे टीव्हीवर प्रश्नोत्तरं सुरू झाली की मी आधी उत्तरं ऐकत नाही, नियम बघते. कोणाला बोलू देतात, कधी बोलू देतात आणि चुकलं तर काय होतं, यावरून स्पर्धेत कुठलं मूल पुढे येणार ते ठरतं.

आपल्या पिढीला प्रश्नमंजुषा रेडिओवरून कळली. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट १९७२ साली सुरू झाली. आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी प्रश्न विचारायचे. आमच्या अब्बांना अमीन सयानींचा आवाज इतका आवडायचा की प्रश्न कळला नाही तरी ते रेडिओ बंद करू देत नसत. पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला. तोही महाविद्यालयांच्या संघांचा. मग २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आलं आणि संघ गेला, एकटा माणूस खुर्चीवर बसला. समोर पैसे आणि सल्ल्याला फार तर फोनवरचा मित्र. त्या कार्यक्रमाला नावं ठेवायची नाहीत, आम्हीही तो आवडीने पाहिला. पण त्यात पणाला लागतो तो त्या एका माणसाचा धीर.

‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये पैशाचं बक्षीसच नाही. वर्षाच्या शेवटी जिंकलेल्या संघाला मिळतो तो चषक. मूळ कल्पना अमेरिकेतल्या ‘कॉलेज बोल’ची. इंग्लंडमध्ये ती १९६२ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनने आणली, बॅम्बर गॅस्कॉइन यांनी १९८७ पर्यंत ती चालवली. काही वर्षं बंद राहून १९९४ मध्ये ती बीबीसीवर परत आली ती जेरेमी पॅक्समन यांना घेऊन, आणि २०२३ पासून अमोल राजन प्रश्न विचारतात. राजन कोलकात्यात जन्मले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले. नाव ऐकून मी लेकीला विचारलं, “आपल्याकडचाच का गं?” ती म्हणाली, “अम्मी, तुला इथे प्रत्येक जण आपल्याकडचाच वाटतो.”

आता नियम. नातीने मला ते पहिल्याच सोमवारी समजावून सांगितले, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटले.

दोन संघ, प्रत्येकी चार विद्यार्थी, त्यातला एक कॅप्टन. पडद्यावर एक संघ वर आणि एक खाली दिसतो, प्रत्यक्षात दोघे शेजारी शेजारी बसलेले असतात. प्रश्न दोन प्रकारचे. पहिल्या प्रकाराला ‘स्टार्टर’ म्हणतात, त्याला दहा गुण. हा प्रश्न आठही जणांना खुला. ज्याला येतं त्याने बझर दाबायचा आणि एकट्याने उत्तर द्यायचं. शेजाऱ्याला विचारायचं नाही, कुजबुजायचंही नाही. प्रश्न पूर्ण होण्याआधीच बझर दाबला तर चालतं, पण मग उत्तर चुकलं की पाच गुण कापले जातात आणि समोरच्या संघाला प्रश्न पूर्ण ऐकवतात. प्रश्न संपल्यावर चुकलं तर मात्र काही कापत नाहीत.

स्टार्टर बरोबर आला की त्या संघाला एकाच विषयावरचे तीन ‘बोनस’ प्रश्न मिळतात, प्रत्येकी पाच गुणांचे. इथे नियम बरोबर उलटा होतो. आता चौघांनी डोकी एकत्र करायची आणि आपसात मश्वरा करायचा. उत्तर मात्र एकाच तोंडून यायचं, कॅप्टनच्या. बाकीच्या तिघांनी काहीही पुटपुटलं तरी ते मोजत नाहीत. आणि कॅप्टनला वाटलं की एखाद्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, किंवा ते अवघड नाव त्यालाच नीट उच्चारता येईल, तर तो म्हणतो, “नॉमिनेट” आणि पुढे त्या साथीदाराचं आडनाव. म्हणजे माझ्या वतीने आता हा बोलेल. मधूनच एखादं चित्र दाखवतात किंवा संगीताचा तुकडा ऐकवतात. शेवटी घंटानाद होतो आणि वाक्य अर्धं असलं तरी खेळ तिथेच थांबतो. बरोबरी झाली तर आणखी एक प्रश्न टाकून निकाल लावतात.

आमच्या तालुक्याच्या स्पर्धांत आळीपाळीने प्रश्न यायचे. ‘अ’ संघाला आलं नाही की ‘पास’, मग ‘ब’ संघाकडे. ती पद्धत बुजऱ्या मुलांना सोयीची होती, कारण पाळी आपोआप यायची, हात वर करावा लागत नसे. नंतर कुठल्याशा संस्थेने बझरची यंत्रं दिली आणि माझ्या संघातल्या सगळ्यात अभ्यासू मुली एकाएकी मागे पडल्या. त्यांना उत्तर यायचं. मी खाली बसून त्यांचे ओठ हलताना बघत असे. पण बोट बझरवर जायचं नाही, आणि तेवढ्यात एखादा मुलगा अर्धवट ऐकून बझर दाबून मोकळा व्हायचा.

माझी नात अगदी तशीच निघाली. घरात आम्ही खेळ मांडला होता. बझर म्हणून स्टीलचे दोन वाडगे आणि चमचे, गुण लिहायला माझी जुनी वही. नातू पाचव्या शब्दाला चमचा आपटायचा. बरोबर आलं तर घर डोक्यावर घ्यायचा, चुकला की “पाचच तर गेले” म्हणायचा. नात प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबायची, मग मनात एकदा उत्तर पडताळून बघायची, तोवर टीव्हीतल्या कोणीतरी ते दिलेलं असायचं. मी तिला गणित मांडून दाखवलं: आधी दाबून चुकलीस तर पाच जातात, पण थांबून राहिलीस तर स्टार्टरचे दहा आणि बोनसचे पंधरा, असे पंचवीस जाऊ शकतात. तिने वही बघितली आणि म्हणाली, “नानी, पाच गेले की सगळे माझ्याकडे बघतात. पंचवीस गेलेले कोणाला दिसतच नाहीत.” यावर शिक्षिकेजवळही लगेच उत्तर नव्हतं.

बोनसच्या वेळी मात्र तीच मुलगी खुलायची. एकमेकांना विचारायची मुभा मिळाली की ती भावालाही सांगायची, बापालाही दुरुस्त करायची. म्हणूनच मला हा आराखडा चांगला वाटतो. धीट मूल दार उघडून देतं, आणि आत गेल्यावर शांत मुलाचा उपयोग होतो. नुसत्या धीटांचा संघ उणे गुणांत जातो आणि नुसत्या शांतांचा खाली हात परततो. चांगला कॅप्टन ओळखायची खूणही तिथेच सापडते. काही कॅप्टन सगळं ऐकून घेतात आणि शेवटी आपलंच म्हणणं पुढे करतात. कोपऱ्यातली मुलगी दोनदा बरोबर उत्तर सांगते, हा तिसरंच सांगतो, उत्तर चुकतं आणि मुलगी समोर बघत राहते. तर काही कॅप्टन मान वळवून टोकाला बसलेल्यालाही विचारतात, “तुला काय वाटतं?” अर्ध्या मिनिटात सगळं कळतं.

या स्पर्धेची माझ्या मते एकच गोष्ट सदोष आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रत्येक कॉलेजाला स्वतंत्र संघ उतरवता येतो, बाकीच्या मोठमोठ्या विद्यापीठांचा मात्र एकेकच. १९७५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या मुलांनी याचा निषेध म्हणून प्रश्न कोणताही असो, मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की नाहीतर चे गव्हेरा असंच उत्तर द्यायला सुरुवात केली होती. जावयाने हा किस्सा सांगितला तेव्हा मी पोट धरून हसले. नियम काही बदलला नाही. पण दुसरीकडे नियमाची जरबही आहे. २००९ साली ऑक्सफर्डच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजने अंतिम सामना जिंकला, आणि मग उघड झालं की त्यांच्यातल्या एकाचं शिक्षण नंतरच्या फेऱ्यांचं चित्रीकरण होण्याआधीच संपलेलं होतं. चषक परत गेला आणि हरलेल्या मँचेस्टरला विजेता ठरवलं. हरणाऱ्यांकडेही बघतात. पहिल्या फेरीत २८ संघ असतात. जिंकणारे चौदा तर पुढे जातातच, पण हरलेल्यांपैकी सर्वांत जास्त गुण मिळवलेल्या चार संघांना आणखी एक संधी देतात.

आपल्याकडेही सिद्धार्थ बसूंनी ही स्पर्धा काही काळ चालवली आणि तिचा पहिला हंगाम मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिंकला. ती चालू राहायला हवी होती.

जानेवारीत आमच्या गावच्या घराचा प्रश्न निघाला. अब्बांचं घर, मागे कलमांची बाग, विहीर. घरी आता मधल्या भावाची बेवा, म्हणजे आमची भाभी, एकटी राहते. मोठे भाईजान मुंब्र्याला, धाकटा कुवेतला, मी तेव्हा बर्मिंगहॅमला. गिऱ्हाईक आलं होतं, भाव बरा होता. भाईजानांनी सगळ्यांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी किंमत सांगितली, धाकट्याने होकार दिला, आणि भाईजान म्हणाले, “मग ठरलं.” भाभी पडद्याच्या एका चौकोनात होती. ओढणीचं टोक तोंडाशी धरलेलं, काही बोलत नव्हती. माझ्याशेजारी बसलेली नात हळूच म्हणाली, “नानी, भाभीनानीचे ओठ हलतायत.”

मी म्हटलं, “भाईजान, शेवटचा शब्द तुमचाच. पण त्याआधी भाभीला विचारू. तिथे राहते ती.”

भाईजान थोडे चपापले. मग म्हणाले, “बोला भाभी.”

भाभीने घराबद्दल, स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही. ती म्हणाली, “मागच्या बागेच्या सातबाऱ्यावर अजून फुफीचं नाव आहे. गेल्या साली आंब्याच्या विम्यासाठी उतारा काढला तेव्हा तलाठ्यांनी दाखवलं. फुफी गेली, तिच्या वारसांची नावं लागलेली नाहीत. त्यांच्या सह्यांशिवाय बाग कशी विकणार?”

फुफीची मुलं कराचीला नाहीत की अमेरिकेला नाहीत, दापोलीला आहेत. लग्नाकार्यात भेटतात, बिर्याणी खातात. त्यांचा या बागेत हक्क आहे हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं, आणि भाईजान गिऱ्हाइकाकडून बयाणा घ्यायला निघाले होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “भाभी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलं नाही,” भाभी म्हणाली.

बयाणा थांबला. भाईजान दापोलीला जाऊन आले, फुफीच्या मोठ्या मुलाशी बोलले. आता मे महिन्यात सगळे गावी जमणार आहेत. विकायचं की ठेवायचं, ठेवलं तर कौलं कोण बदलणार, भाभीच्या राहण्याचं काय, हे सगळं तेव्हा बोलायचं आहे. धाकट्याला अजूनही विकावं असं वाटतं आणि त्याचीही बाजू आहे, त्याला कुवेतमध्ये किती वर्षं नोकरी राहील सांगता येत नाही. भाभीने मला फोनवर एवढंच विचारलं की त्या दिवशी तिने बसायचं कुठे, आत की ओटीवर. मी सांगितलं, ओटीवर, भाईजानांच्या शेजारी, आणि उतारा हातात घेऊन.