मापातली लाख

जयपूरच्या ‘मणिहारों का रास्ता’ या गल्लीत लाखेच्या बांगड्या करणारे कारागीर बसतात. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, हातानं लांबवायची आणि गार व्हायच्या आत मनगटाच्या मापाला आणायची. माप आधीच ठरलेलं, वेळ अगदी थोडा. चाल आधी बांधली जाते आणि शब्द मागून येतात, तेव्हा गीतकार नेमकं काय करत असेल, ते मला त्या गल्लीत डोळ्यांनी दिसलं. आठवले हसरत जयपुरी. ते याच शहराचे.

इक्बाल हुसेन हे त्यांचं मूळ नाव. जन्म 1922 चा. उर्दू-फारसीचे धडे कवी असलेल्या आजोबांकडे, आईच्या वडिलांकडे गिरवले. 1940 मध्ये मुंबई गाठली आणि बस कंडक्टर झाले. पगार महिना 11 रुपये. दिवसभर तिकिटं फाडायची, मग मुशायरा. अशाच एका मुशायऱ्यात पृथ्वीराज कपूर यांनी त्यांना ऐकलं, मुलाला सांगितलं आणि 1949 च्या ‘बरसात’पासून हसरत राज कपूर यांच्या गोतावळ्यातले झाले. 1951 च्या ‘हलचल’ची पटकथाही त्यांच्या नावावर आहे. पण त्यांचा जीव गाण्यातच. त्यांच्या शब्दांतलं सोपेपण मला त्या गर्दीच्या बसमध्ये कमावलेलं वाटतं. सिनेमासाठी लिहिलं की कवी बाटतो, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

तरुणपणी जयपूरला शेजारच्या मुलीवर त्यांचं मन जडलं होतं. ती हिंदू, हे मुसलमान. उघड बोलायची सोय नव्हती. मनातलं सगळं एका पत्रात, कवितेत उतरलं. ते शब्द त्यांनी वर्षानुवर्षं जपले. 1964 मध्ये ‘संगम’ आला तेव्हा ती चिठ्ठी रफींच्या आवाजात, राजेंद्रकुमारच्या ओठांवरून देशभर गेली. किती जणांनी ती वहीत उतरवून आपली म्हणून दिली असेल!

आणि ‘सूरज’मधलं फुलांचा वर्षाव मागणारं ते गाणं? फिल्मफेअर मिळालं, पण त्याचा खरा मान वरातीतला. सांगली-सोलापूरकडेही नवरदेव घोड्यावर बसला की क्लॅरिनेटवाला तेच उचलतो. ज्याचं पहिलं प्रेम मांडवापर्यंत पोहोचलं नाही, त्यानं दुसऱ्यांच्या लग्नासाठी इतकं भरभरून मागावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. बँडवाले नुसती चाल वाजवतात. शब्द वऱ्हाडातल्या बायकापोरांना पाठ असतात. लिहिणाऱ्याचं नाव मात्र त्यांच्यात क्वचितच कुणी घेतं. ते नाव या वऱ्हाडालाही ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.