झिजणारा रुपया आणि न झिजणारा किलोग्रॅम

१८२० साली जेम्स प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याचे वय होते २१. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा म्हणून त्याची कीर्ती पुढे पसरली. परंतु काशीतील त्याची दहा वर्षे तराजूच्या सहवासात गेली.

त्या काळी चांदीचा रुपया हे चलन होते, तसेच वजनही. किती रुपयांच्या भाराचा शेर धरायचा, हे मात्र गावोगावी बदलत असे. शिवाय हाताळून नाणे झिजते. झिजलेल्या रुपयांनी तोललेला शेर हलका भरतो आणि ती तूट सोसावी लागते घेणाऱ्याला.

प्रिन्सेपने वजनमापांच्या सुधारणेचा आणि एकसारख्या नाण्याचा आग्रह धरला. १८३३ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा निश्चित केला. अशा ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण.

स्वतंत्र भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. तोळा ११.६६ ग्रॅमचा ठरला, शेर ९३३ ग्रॅमचा, मण ३७.३२ किलोग्रॅमचा. आज सराफाकडे १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. ‘शेरास सव्वाशेर’ तेवढा भाषेत टिकून आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो. त्याचे एकक किलोग्रॅम. स्प्रिंगचा काटा पृथ्वीची ओढ, म्हणजे वजन, दाखवतो. त्याचे एकक न्यूटन. एक किलोग्रॅमचे भूपृष्ठावरील वजन सुमारे ९.८ न्यूटन.

पण किलोग्रॅम तरी कशावरून ठरत असे? पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावरून. त्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभरेक वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. बदलले कोण, हे सांगण्याची सोयच नव्हती; कारण मूळ दंडगोल म्हणजेच किलोग्रॅम! बनारसच्या रुपयाची व्यथा पॅरिसलाही चुकली नाही.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅम कोणत्याही वस्तूवर अवलंबून नाही. तो प्लांकच्या स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावरून ठरतो. हा स्थिरांक हाताळून झिजत नाही, आणि काशीत व पॅरिसमध्ये तो एकच आहे.