‘थांबा’ म्हणणाऱ्याचं ऐकायची सवय लावूया



दिवाळीच्या ऑर्डरींमुळे गावातले चांदीचे कारखाने रात्री उशिरापर्यंत चालू आहेत. थोड्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील. अशा वेळी मी विमान अपघातावर लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, विषय हुपरीचाच आहे.

7 ऑगस्ट 2020 ची संध्याकाळ. दुबईहून 190 जणांना घेऊन आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान कोझिकोडला भर पावसात उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुढच्या दरीत कोसळलं. 21 माणसं गेली, दोन्ही वैमानिकांसह. कॅप्टन दीपक साठे आपले मराठी माणूस. हवाई दलात विंग कमांडर राहिलेले, दहा हजार तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव. म्हणजे शिकाऊ माणसाची चूक म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

चौकशी अहवाल काय सांगतो? 8,858 फुटांच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली ती जवळपास निम्मी धावपट्टी मागं गेल्यावर. त्याआधी को-पायलटनं ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. नियमानुसार एवढं म्हटल्यावर विमान वर घ्यायलाच पाहिजे. ते घेतलं गेलं नाही, आणि को-पायलटनंही पुढं होऊन ताबा घेतला नाही.

पण अहवाल तिथंच थांबत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कोझिकोडहूनच पुढचं विमान न्यायचं होतं. त्या तळावर को-पायलट 26 आणि कॅप्टन फक्त एक! विमान दुसरीकडं वळवलं असतं तर सकाळचं उड्डाण अडलं असतं. हा ताण एका माणसाच्या डोक्यात होता, पण तो तयार झाला होता कंपनीच्या नियोजनातून.

याच्या दहा वर्षं आधी, 22 मे 2010 ला मंगळूरला 158 जण गेले. तिथंही धावपट्टी डोंगरमाथ्यावरची, तिथंही को-पायलट ‘गो अराउंड’ म्हणत होता. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेले होते, हे कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवरून कळलं.

त्याही आधी, 1977 मध्ये तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धडकून 583 माणसं मेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरनं काढली होती. कॅप्टन कंपनीतले सगळ्यात मानाचे, प्रशिक्षक. शंका तिथंच विरली. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी दोन गोष्टी शिकवायला घेतल्या: धाकट्यानं स्पष्ट बोलायचं आणि थोरल्यानं ऐकायचं. अमेरिकेत 1976 पासून ‘थोडक्यात वाचलो’ असे प्रसंग वैमानिक गुपचूप कळवू शकतात. हेतू शिक्षेचा नसतो, पुढचा अपघात टाळण्याचा असतो.

आता आपल्याकडं या. बातमीच्या निमित्तानं अपघाताच्या जागी गेलो की गर्दीत मागून कुणीतरी हळूच म्हणतं, “मी म्हटलं होतं ओ सकाळीच.” ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नव्हता. गॅसचा वास येत होता. पोरगं दोन रात्री झोपलं नव्हतं. सांगणारा असतोच, पण त्याला उत्तर काय मिळतं? “तू मला शिकवणार काय?” आणि कागदावर येतं, ‘चालकाचा ताबा सुटल्याने अपघात’. विषय मिटला. चालक सलग किती तास गाडीवर होता, हे कोण विचारतंय?

थोरल्यांचा मान ठेवणं ही आपली चांगली रीत आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण मान आणि भीती यात फरक आहे.

म्हणून कारखानदारांना, ट्रॅक्टरमालकांना हात जोडून सांगणं आहे. हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगा, “काही धोक्याचं दिसलं तर काम थांबवा. रोजगार कापणार नाही.” एक साधी वही ठेवा. आज काय होता होता राहिलं ते तिच्यात लिहा, नाव लिहायची गरज नाही. आणि तिसरी गोष्ट, रात्रभर जागलेल्या माणसाला भट्टीवर किंवा स्टेअरिंगवर बसवू नका. एक ऑर्डर उशिरा गेली तर गिऱ्हाईक चार शब्द बोलेल, पण माणूस घरी जाईल.

तुमच्या कामात असा प्रसंग थोडक्यात टळला असेल तर मला मेसेज करा. तुमचं आणि मालकाचं नाव न घेता इथं मांडेन. बाकीचे त्यातून सावध होतील.