लेकरांना घेऊन दोन दिवस पुण्याला

शेतकऱ्याच्या घरातून शहरात जाणे होते ते लग्नाला, दवाखान्याला नाहीतर कोर्टकचेरीला. लेकरू बरोबर असलेच तर ते दवाखान्याच्या बाकावर बसून शहर पाहते आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत येते. पुढे शाळेत गुरुजी शनिवारवाड्याचा धडा शिकवतात, तेव्हा "मी पुण्याला गेलो होतो" असे ते सांगते खरे, पण वाडा काही त्याने पाहिलेला नसतो. म्हणून वाचकहो, वर्षातून एकदा तरी दोन दिवस असे काढा, की शहराला जाण्याचे कारण फक्त लेकरू असेल.

यात पहिली गोष्ट ही, की मुलाला नेणार असाल तर मुलीलाही न्या. "ती काय, पुढे जाईलच की सासरी" असे म्हणून तिला आजीपाशी ठेवू नका. आपण जी ठिकाणे बघणार आहोत, त्यांतली दोन तर तिच्याच हक्काची आहेत. ती कोणती, ते पुढे सांगतो.

कधी जायचे, हे पंचांगापेक्षा आपल्या रानाला विचारा. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाली, सोयाबीन घरात आले आणि ज्वारी-हरभरा पेरून झाला, तर मध्ये चार मोकळे दिवस सापडतात. हवाही गारव्याची असते. मे महिन्यात सुट्टी भरपूर, पण डांबरी रस्त्यावर लेकरांचे पाय भाजतात. धारा काढायला, वैरण टाकायला शेजारच्या घरी आठ दिवस आधी सांगून ठेवा आणि त्यांचे लेकरू सहलीला जाईल तेव्हा तुम्ही त्यांच्या गोठ्यात उभे राहा. ही देवाणघेवाण गावात अजून चालते, तिचा फायदा घ्यावा. बुधवार मात्र टाळा, कारण त्या दिवशी कात्रजचे प्राणीसंग्रहालय बंद असते.

आता खर्चाचे बघू. एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धेच तिकीट लागते. म्हणजे आई, बाप आणि दोन लेकरे अशी चार माणसे अडीच तिकिटांत पुण्याला पोचतात. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस ही दोन्ही ठिकाणे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तेथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खरा पैसा जातो तो रिक्षा आणि खाण्यात. पहिल्या दिवसाची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी घरूनच न्या. लेकरांना निघण्यापूर्वीच सांगा, की "तुमच्या मनाची एक वस्तू मिळेल, एकच." मग दुकानापुढे रडारड होत नाही आणि ती एक वस्तू ती फार विचार करून निवडतात.

उतरायचे कुठे? पाहुण्यांकडे उतरणार असाल तर आधी फोन करून विचारा. शहरातली माणसे दोन खोल्यांत राहतात आणि सकाळी पाण्याची वेळ ठरलेली असते. जाताना चार शेर ज्वारी नाहीतर परसातली भाजी न्या, रिकाम्या हाताने जाऊ नका. पाहुणे नसतील तर स्वारगेटच्या आसपास साध्या लॉज आहेत. खोली आधी डोळ्यांनी बघावी, भाडे ठरवावे, मग पिशव्या ठेवाव्यात. शिवाजीनगरचे जुने एस.टी. स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले. तेव्हा आपली गाडी नेमकी कोठे लागते, हे कंडक्टरला चढतानाच विचारून घ्या.

गर्दीची भीती सगळ्यांनाच वाटते आणि ती खोटी नाही. प्रत्येक लेकराच्या खिशात आपले नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. नंबर पाठही करून घ्या. "चुकलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही येतो. फार वेळ झाला तर पोलिसाला नाहीतर लेकरू बरोबर असलेल्या बाईला सांग," हे एस.टी.त बसल्यावर दोनदा वदवून घ्या. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे फुकटचे नंबर आहेत. पैसे दोन ठिकाणी वाटून ठेवा. रस्ता ओलांडताना लेकरू गाडीच्या अंगाला ठेवू नका, आतल्या बाजूला घ्या. पुण्यात दुचाकी फार आणि ती कोणत्या बाजूने येईल याचा नेम नाही.

पहिला दिवस जुन्या पुण्याचा ठेवा. सगळी ठिकाणे पायी होतात. सुरुवात मंडईपासून करावी. आठ कोनांची, वर मनोरा असलेली ही दगडी इमारत १८८६ साली बांधून झाली, तेव्हा तिला लॉर्ड रे या गव्हर्नराचे नाव होते. जोतीराव फुले तेव्हाच्या नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असे सांगून त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव लागले. लेकरांना आत फिरवा. मेथीची जुडी येथे कितीला जाते ते त्यांनाच विचारू द्या आणि आपल्या आठवडी बाजारात कितीला गेली होती तेही सांगा. वजाबाकी ती आपोआप करतील.

मंडईपासून जवळच बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर या गृहस्थांनी गावोगाव हिंडून जुन्या घरांतल्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, वजऱ्या, भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा वीस हजारांवर वस्तू झाल्या आणि १९७५ साली त्यांनी त्या महाराष्ट्र सरकारला देऊन टाकल्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला होता, त्याच्या नावाने हे सगळे उभे केले. हे आत जाण्यापूर्वी लेकरांना सांगावे. आणि बघाल, आत गेल्यावर "अगं, हे तर आपल्या आजीकडे आहे!" असे ती ओरडतील. आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेले भांडे शहरात काचेआड ठेवलेले पाहिले, की लेकराच्या मनात घराची किंमत वाढते.

तेथून बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचे दर्शन घ्या. मंदिरासमोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा येथे भरवली. वाडा फार जीर्ण झाला होता, तो स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला. जुना वाडा आता दिसायचा नाही, पण मुलीला तेथे उभी करून सांगा, की तुझी शाळा येथून सुरू झाली. मघाशी म्हटले त्या दोन ठिकाणांतले हे पहिले.

पुढे लालमहाल. शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल काळाच्या ओघात गेला, आज दिसतो तो पुणे महानगरपालिकेने १९८८ साली बांधलेला. शायिस्ताखानाची बोटे १६६३ साली कापली गेली ती येथे, हे मुले तुम्हालाच सांगतील. तुम्ही त्यांना नांगर दाखवा. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, पुढे जिजाऊंनी बाळ शिवाजीच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर धरवून ही जमीन पुन्हा वसवली, अशी परंपरा आहे. तो प्रसंग येथे मूर्तिरूपाने आहे. उजाड गाव पुन्हा वसवताना आधी नांगर चालवला, ही गोष्ट शेतकऱ्याच्या लेकराने विसरू नये.

शेजारीच शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला. १८२८ साली आग लागून आतले लाकडी मजले जळाले, म्हणून आज तट, जोती आणि कारंजी तेवढी राहिली आहेत. "महाल कुठाय?" असे लेकरू विचारणारच. त्याला दिल्ली दरवाज्यावरचे मोठमोठे खिळे दाखवा. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते ठोकले आहेत. मग हिरवळीवर बसून भाकरी सोडण्यापूर्वी तशी परवानगी आहे का ते पहारेकऱ्याला विचारा, आणि कागद मागे टाकू नका.

संध्याकाळी मेट्रो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा जमिनीखालचा मार्ग सुरू झाला. वाड्याजवळच्या कसबा पेठ स्थानकातून जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जा. मधे गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून जास्त खोल आहे. आपल्या विहिरीची खोली लेकरांना ठाऊक असते, तिच्याशी ताडून बघायला सांगा. सरकत्या जिन्यावर आधी मोठ्यांनी पाय ठेवावा, लेकराचा हात धरावा आणि लुगड्याचा काठ वर घ्यावा. त्याच मार्गाने मग स्वारगेटला परत या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठणे झालेच तर गुलटेकडीचे मार्केट यार्ड पाहावे, स्वारगेटहून ते जवळ आहे. आपण ज्या गोण्या गावात भरून देतो, त्यांचे पुढे काय होते, लिलावाची बोली कशी लागते, हमाल, तोलार, अडते यांचा वाटा कोठे पडतो, हे लेकराला एकदा दिसू द्या. पुस्तकात हा धडा नाही.

मग गंज पेठेतला महात्मा फुलेवाडा. शेतकऱ्याची दैना मांडणारा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा करणाऱ्या माणसाचे हे घर. येथला पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. तो हौद दाखवताना आपल्या गावच्या पाणवठ्याचे खरे काय होते, आज काय आहे, हे लपवू नका. सावित्रीबाई येथेच राहून शाळेत शिकवायला जात. मुलीच्या हक्काचे दुसरे ठिकाण ते हे.

दुपारी एकच ठिकाण निवडा. सातारा-सोलापूरकडच्यांनी कात्रजला जावे. तेथे १३० एकरांवर प्राणीसंग्रहालय, सर्पोद्यान आणि तळे आहे. नगरकडच्यांनी नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस बघावा. दुष्काळाने गांजलेल्या भागातल्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली तो बांधवला. ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी येथे नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा येथेच गेले, त्यांच्या समाध्या आवारात आहेत. दोन्ही ठिकाणे एकाच दुपारी करू गेलात तर लेकरे थकून रडतील आणि त्यांना दोन्ही आठवणार नाहीत.

आणि आता मुख्य गोष्ट. परतीच्या एस.टी.त लेकरू विचारील, "आपण इथे का राहत नाही?" या प्रश्नाला रागावू नका, हसण्यावारीही नेऊ नका. शहरात कॉलेजे आहेत, मोठे दवाखाने आहेत, हे कबूल करा. पुढे शिकायला यायचे तर तुला इथेच यावे लागेल, हेही सांगा. पण दोन दिवसांत पाहिलेले त्यालाच आठवायला लावा. मंडईतली मेथी कुणाची होती? महालातला नांगर कशाचा? दुष्काळात दगड वाहिले ते कुणी? शहराच्या प्रत्येक वेशीत आपल्यासारख्यांचा हात लागलेला आहे, हे ज्याला कळले ते लेकरू पुढे शहरात गेले तरी गावाचे नाव सांगताना खाली बघणार नाही आणि गावात राहिले तरी शहराला बिचकणार नाही. दोन दिवसांचा खाडा आणि अडीच तिकिटांचा पैसा याचसाठी घालायचा.

घरी पोचल्यावर आजी-आजोबांपुढे लेकरांना बसवा आणि पाहिलेल्या पाच गोष्टी सांगू द्या. तुम्ही मधे बोलू नका. चुकले तर चुकू द्या. नंतर त्याच पाच गोष्टी वहीत लिहून गुरुजींना दाखवायला सांगा. वर्गातल्या इतर लेकरांच्या घरीही मग सहलीची बोलणी निघतील, आणि पुढच्या वर्षी धारा काढायची पाळी तुमची असेल. ती आनंदाने पत्करा.